पाच महिने उभी राहिलेली बुलेट : काडी कोरडी दिसली तरी तेल ओतू नका

आमच्या निफाड तालुक्यात द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की जेवायला सवड मिळत नाही, तिथे मोटारसायकल कोण फिरवणार! छाटणी, डिपिंग, थिनिंग, थंडीत भुरीच्या फवारण्या आणि मग काढणी. नानांची १९८६ सालची बुलेट या काळात शेडमध्ये उभी असते, ती थेट मार्चमध्ये उन्हाला येते.

२०१९ च्या रंगपंचमीला तिवंध्याची रहाड (रंगपंचमीचा रंगाचा हौद) बघायला नाशकात जायचं म्हणून मी ती सकाळी बाहेर काढली. तेलाची पातळी दाखवणारी काडी पाहिली, टोकाला जेमतेम तेल. पाच महिन्यांत गळून गेलं असेल असं धरून चाललो आणि लिटरचा डबा जवळजवळ पूर्ण ओतला. किक नेहमीपेक्षा जड लागली. सातव्या-आठव्या किकला गाडी सुरू झाली आणि सायलेन्सरमधून असा निळा धूर निघाला, की शेजारच्या वस्तीवरचा माणूस शेड पेटलं समजून बादली घेऊन पळत आला. ब्रिदरच्या, म्हणजे इंजिनातला दाब बाहेर सोडणाऱ्या नळीतून तेलाच्या पिचकाऱ्या उडत होत्या, मागचं चाक माखलेलं. आमची रंगपंचमी शेडमध्येच झाली, रंग एकच, काळा.

तेल गळलं नव्हतंच. ते तेलाच्या टाकीतून उतरून इंजिनाच्या पोटात जाऊन बसलं होतं, आणि त्यात मी वरून आणखी एक लिटर ढकललं. नंतर भद्रकालीतल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांना सगळे चाचा म्हणतात. त्यांनी पहिला प्रश्न हाच केला, "काडी देखकर तेल डाला ना?" मी मान डोलावली. त्यानंतरच्या हिवाळ्यांत जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो. जुनी गाडी नुकतीच घरात आली असेल किंवा आजोबांची गाडी पडवीतून बाहेर काढायचा विचार असेल, तर हे आधी वाचा.

१. तुमच्या गाडीला हे लागू आहे का?

हा त्रास 'ड्राय संप' इंजिनांचा. यात तेल इंजिनाच्या तळाशी साठत नाही, वेगळ्या टाकीत राहतं. एक पंप ते टाकीतून इंजिनात पाठवतो, दुसरा पंप तळाशी पडलेलं तेल ओढून परत टाकीत टाकतो. जुनी कास्ट आयर्न (ओतीव लोखंडाच्या सिलिंडरची) बुलेट, म्हणजे २००९ च्या आसपास युनिट कन्स्ट्रक्शन इंजिन (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच बॉडीत) येण्याआधीची, याच जातीची. बीएसए, ट्रायम्फ, नॉर्टन या जुन्या विलायती गाड्याही त्यातल्याच. देवळाली कॅम्पकडच्या एखाद्या बंगल्यात महायुद्धातली बीएसए एम २० अजून झाकून ठेवलेली असेल, तर तिलाही हे लागू.

नव्या युनिट इंजिनाच्या बुलेटला हा प्रश्न नाही, तिचं तेल खालीच असतं. जुन्या जावा, येझदी, राजदूत, आरएक्स १०० या टू स्ट्रोक गाड्या. त्यांची तेलाची व्यवस्थाच वेगळी, हा लेख त्यांच्यासाठी नाही. त्यांच्यात क्रँकचं सील गेलं तर गिअरचं तेल आत ओढलं जातं, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

२. तेल उतरतं कसं

हे समजलं तर पुढचं सगळं आपोआप सुचतं, म्हणून इथे जरा थांबतो.

कास्ट आयर्न बुलेटची तेलाची टाकी बाहेर दिसत नाही. क्रँककेसच्या, म्हणजे क्रँक ज्यात फिरतो त्या इंजिनाच्या खालच्या भागाच्या, ओतकामातच मागच्या बाजूला एक कप्पा आहे, तीच टाकी. उजव्या बाजूच्या टायमिंग कव्हरमध्ये एकाच दांड्याच्या दोन टोकांना दोन पंप बसवलेले आहेत. प्रत्येक पंपात एक चकती असते. स्प्रिंग तिला बैठकीवर दाबून धरते आणि ती चकती इकडून तिकडे झुलत भोकं उघडझाक करते. चकती आणि बैठक यांच्यात वेगळं पॅकिंग नाही. धातूवर धातू इतकी सपाट बसली पाहिजे की मधून तेल जाऊ नये. नवी असताना ती तशी बसतेही. तीस-चाळीस वर्षांत मात्र तिच्यावर ओरखडे पडतात, स्प्रिंग मऊ पडते, आणि गाडी उभी असताना तेल त्या फटीतून थेंबथेंब इंजिनात उतरत राहतं. गाडी रोज चालत असेल तर परतीचा पंप ते उचलून टाकतो. तो पाठवणाऱ्या पंपापेक्षा मोठा असतो, म्हणून रोजच्या वापरात काही कळत नाही. उभी राहिली की कळतं.

बुलेटची टाकी आणि क्रँककेस शेजारी शेजारी असल्यामुळे सगळं तेल उतरत नाही. मधला बांध फुटलेल्या दोन हौदांसारखं दोन्हीकडची पातळी सारखी झाली की थांबतं. विलायती गाड्यांत टाकी सीटखाली, उंचावर असते. तिथे पंप गळका असेल तर पूर्ण टाकी खाली येऊ शकते. नॉर्टन कमांडो तर यासाठी बदनामच आहे. बीएसएमध्ये तेलाच्या वाटेवर स्प्रिंगवाली एक गोळी असते, ट्रायम्फच्या पंपात दोन. त्या गोळीखाली कचरा अडकला की दार उघडंच राहतं.

पोटात तेल साचलं की काय होतं? फ्लायव्हील त्या तेलात बुडून फिरतं. किक जड होते, पिस्टनच्या रिंगांना इतकं तेल आवरत नाही, ते वर जाऊन जळतं, म्हणून तो धूर. आत दाब वाढतो, ब्रिदर ओकायला लागतो, कमजोर सीलमधून तेल प्रायमरी चेनच्या (इंजिनाकडून गिअरबॉक्सकडे जाणारी चेन) कव्हरमध्ये शिरतं. धूर पाहून घाबरून लोक बोअर-पिस्टनचं काम काढतात. तेल उतरल्यामुळे धूर येत असेल तर बोअरचा काही दोष नसतो. दहा मिनिटांत धूर ओसरला, तर खर्चाचं काम काढायच्या आधी पंपाकडे बघा.

३. सामान जमवा

डबल स्टँडखाली घालायला फळी. ड्रेन बोल्टला नेमका बसणारा रिंग पाना (स्क्रू-पाना नको, त्याने डोकी घासतात). ड्रेन बोल्टचे तांब्याचे किंवा फायबरचे नवे वॉशर, दोन-चार जास्तच घ्या, रुपयांचं काम. पसरट भांडं आणि मिलिलिटरच्या खुणा असलेला मापाचा मग. हा मग विसरू नका, पुढे त्याचंच काम आहे. नरसाळं, बारीक जाळी किंवा धुतलेलं सुती फडकं, प्लग पाना, तेलाची कुपी, जुना पुठ्ठा.

तेल : मिनरल, २० डब्ल्यू ५०. माझ्या इंजिनाला सव्वादोन लिटरच्या आसपास लागतं. तुमच्या वर्षाच्या मॅन्युअलमध्ये पाहा आणि शेवटी काडीवरच्या खुणेवर विश्वास ठेवा. जाड तेल टाकलं तर उतरणं थोडं मंदावतं, थांबत नाही. म्हणून कोणी गिअर ऑइल टाकायला सांगितलं तर ऐकू नका. निफाडला थंडीत पारा पाच अंशांखाली जातो. त्या सकाळी असलं तेल बिग एंडपर्यंत (कनेक्टिंग रॉडचं क्रँकवरचं टोक) पोचायला वेळ लागतो, आणि जुन्या बुलेटचा बिग एंड तरंगत्या बुशवर चालतो, त्याला तेल वेळेवर लागतंच.

आणि एक वही, किंवा साधं जाड कागदाचं कार्ड. त्यावर लिहायचं काय ते पुढे येईल. त्याच्याच पाकिटात आरसी, विमा, पीयूसी ठेवा. आरसीची तारीख आत्ताच बघून घ्या. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं, आणि गाडी शेडमध्ये असताना ती तारीख हमखास निघून जाते. मग पेठ रोडच्या आरटीओत हेलपाटे.

४. उभी करण्याआधी तेल बदला

सगळे मार्चमध्ये तेल बदलतात. मीही तेच करायचो. उलट करा : उभी करण्याआधी बदला. चाललेल्या तेलात जळलेल्या पेट्रोलची आम्लं आणि पाण्याचा अंश असतो. ते पाच महिने बुश आणि बेअरिंगना लावून ठेवायचं म्हणजे भांडी खरकटी ठेवून गावाला जाण्यासारखं आहे.

गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा. इंजिन चांगलं तापू द्या. जागेवर पाच मिनिटं सुरू ठेवून भागत नाही. मग डबल स्टँडवर लावून गरम असतानाच तेल काढा.

इथे नवख्यांची पहिली फसगत होते. बुलेटच्या इंजिनाखाली एक नाही, दोन ड्रेन बोल्ट आहेत : एक टाकीचा, एक क्रँककेसचा. प्रायमरी आणि गिअरबॉक्सचे आणखी वेगळे. कोणता कुठला ते ओळखायची माझी पद्धत बाळबोध आहे. एक बोल्ट काढा, भांडं भरेपर्यंत तेल आलं तर तो टाकीचा. दुसऱ्यातून थोडंसं आलं तर तो क्रँककेसचा. एकदा कळलं की क्रँककेसच्या बोल्टवर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्या. माझ्या बायकोची बाटली अजून टूलबॉक्समध्ये आहे, तिला माहीत नाही.

दोन्ही बोल्ट काढून तेल निथळू द्या, फिल्टर बदला, वॉशर नवे घाला. बोल्ट आवळताना जोर करू नका. इंजिनाची बॉडी ॲल्युमिनियमची, आटे गेले तर थेट लेथवाल्याकडे. मग ताजं तेल भरा, गाडी सुरू करा, दोन-तीन मिनिटं चालवा, म्हणजे नवं तेल सगळीकडे पोचेल. बंद केल्यावर पाचेक मिनिटांनी काडी बघा आणि पातळी कार्डावर लिहा : तारीख, किलोमीटर, काडीवर तेल कुठपर्यंत. मार्चमधल्या काडीशी ताडून पाहायला हाच एक आधार असतो.

५. तेलाची टाकी भरलेली ठेवायची की रिकामी?

यावर चहाच्या टपरीवर भांडणं होतात. तीन पंथ आहेत.

पहिला पंथ म्हणतो, टाकी रिकामीच करून ठेवा, उतरायला तेलच नको. ऐकायला सोपं. पण मार्चमध्ये पुतण्याने न विचारता किक मारली तर? रिकाम्या टाकीवर इंजिन सुरू झालं की काही मिनिटांत बिग एंड संपला. ज्यांना हे करायचं त्यांनी किकला आणि चावीला, दोन्हीकडे "तेल नाही" अशी पाटी बांधावी. मी करत नाही.

दुसरा पंथ टॅपवाल्यांचा. बाहेर टाकी असलेल्या विलायती गाड्यांत टाकी आणि पंप यांच्यामधल्या नळीत एक तोटी बसवतात, उभी करताना बंद, चालवताना उघडी. बुलेटला हा प्रश्नच नाही, कारण टाकी ओतकामातच आहे, मध्ये नळीच नाही. पण ज्यांच्याकडे बीएसए-नॉर्टन आहे त्यांना हा मोह पडतो. माझ्या ओळखीच्या एकाने मोठ्या हौसेने तोटी बसवली, वर्षभर आठवणीने उघडली, आणि एका रविवारी त्र्यंबकेश्वरला निघताना विसरला. गाडी शहराबाहेर पडायच्या आतच आवळली गेली. क्रँक, कनेक्टिंग रॉड, सगळं काम निघालं. तोटी बसवायचीच असेल तर अशी बसवा की ती बंद असताना इग्निशन चालूच होणार नाही. त्यासाठी तोटीच्या दांडीवर छोटा स्विच लावतात. तो स्विच नसेल तर तोटीही नको.

काही जण तोटीऐवजी स्प्रिंगवाला एकमार्गी व्हॉल्व्ह लावतात. त्यात विसरायची भानगड नाही, पण पंपाला तेल त्या स्प्रिंगच्या विरोधात ओढावं लागतं. पंप जुना, झिजलेला असेल तर तेल कमी जातं, किंवा हवा पकडतो. म्हणजे पंप गळका म्हणून व्हॉल्व्ह लावायचा आणि तो व्हॉल्व्ह गळक्या पंपालाच झेपत नाही. मी स्वतः लावणार नाही.

तिसरा पंथ चाचांचा आणि आता माझा : तेल टाकीत राहू दे, उतरायचं तेवढं उतरू दे, आणि सुरू करण्याआधी क्रँककेसचा बोल्ट काढून खाली साचलेलं काढून घे. यात विसरलं तर धूर होतो, इंजिन मरत नाही. विसरण्याची किंमत ज्यात कमी, ती पद्धत मी धरतो.

६. शेडमध्ये उभी करताना

डबल स्टँडवर, सरळ. साइड स्टँडवर महिनोन्‌महिने नको. काडीही सरळ गाडीतच खरी दिसते. इंजिनाखाली स्वच्छ पुठ्ठा पसरा आणि त्यावर तारीख लिहा. पाच महिन्यांनी पुठ्ठ्यावर किती तेल पडलं ते दिसलं की तेल बाहेर गळलं की आत उतरलं, याचा निकाल तिथेच लागतो. आमच्या पुठ्ठ्यावर त्या वर्षी दोन रुपयांएवढे दोन डाग होते. मी ते आधी पाहिलं असतं तर पुढचं महाभारत टळलं असतं.

पिस्टन कॉम्प्रेशनवर वर आणून ठेवा. किक जिथे अडते तिथे. बॅटरी पॉइंटवाल्या बुलेटमध्ये इग्निशन चालू करून, डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) दाबून किक हळू सरकवत ॲमीटरची सुई मध्यावर येते का बघा, ती वर आल्याची खूण. मग इग्निशन बंद करायला विसरू नका. या जागी दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात आणि दमट हवा सिलिंडरमध्ये शिरत नाही. पण यामुळे तेल उतरणं थांबतं असं कोणी सांगितलं तर ते बुलेटच्या बाबतीत खरं नाही. पंपाचा दांडा वर्म गिअरवर, क्रँकपेक्षा बऱ्याच पटीने हळू फिरतो. पिस्टन वर असताना पंपाची चकती कुठल्या स्थितीत असेल ते नशिबावर.

पेट्रोलकडेही बघा, कारण तेही तेलात शिरतं. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, ते हवेतलं पाणी ओढतं. कॉक बंद करून कार्ब्युरेटरचा वाडगा रिकामा करा. मिककार्ब असो की आणखी कुठला, वाडग्यात पेट्रोल सुकून राळ धरते. कॉक गळका आणि फ्लोटची सुई अडकलेली असेल तर पेट्रोल इंजिनात उतरून तेल पातळ करतं. कॉक संशयास्पद असेल तर पेट्रोलची टाकीच उतरवून ठेवा.

आणि आपल्याकडच्या माणसांसाठी खास : गाडी फवारणीच्या औषधांजवळ ठेवू नका. मोरचूद आणि गंधकाच्या गोण्या एका कोपऱ्यात, बुलेट दुसऱ्या कोपऱ्यात, असं एकाच शेडमध्ये आम्ही दोन वर्षं केलं. क्रोमवर पुरळ उठलं आणि ॲल्युमिनियमच्या कव्हरवर पांढरी बुरशी यावी तसा थर चढला. तो धातू खाल्ल्याचाच थर होता. प्लास्टिक ताडपत्रीत गुंडाळू नका, आत घाम धरतो. जुनी चादर बरी. सायलेन्सरच्या तोंडात आणि एअर फिल्टरच्या वाटेवर फडक्याचा बोळा ठेवा, उंदीर तिथेच संसार थाटतात, आणि कार्डावर "बोळे काढणे" हे पहिल्या ओळीत लिहा. बॅटरी काढून घरात आणा.

७. मधल्या काळात : पाच मिनिटं सुरू करू नका

दर रविवारी पाच मिनिटं सुरू करून बंद करणारे खूप आहेत. नानाही त्यातलेच होते. इतक्या वेळात इंजिन नीट तापत नाही. जळणातून तयार झालेलं पाणी वाफ होऊन बाहेर जाण्याऐवजी आतच थंड होतं आणि तेलात मिसळतं. पोटात उतरलेलं तेल ढवळून जळतं, ते वेगळंच. चालवायची तर अर्धा तास चालवा, नाहीतर हात लावू नका.

नुसत्या किका मारून तेल परत टाकीत जाईल असंही समजू नका. एका किकने क्रँकचे फेरे थोडे, पंपाचे त्याहून कितीतरी कमी. शंभर किकांनी पाय दुखेल.

८. बाहेर काढताना : हा क्रम मोडू नका

पहिल्यांदा पुठ्ठा बघा. मग काडी. काडी कोरडी असली तरी तेलाच्या डब्याला हात लावायचा नाही. पुठ्ठा कोरडा आणि काडीही कोरडी, म्हणजे तेल आत आहे.

मग लाल ठिपक्याचा, म्हणजे क्रँककेसचा बोल्ट काढा. खाली भांडं आधी धरा, धार जोरात येते. निथळू द्या, थंडीत अर्धा तास लागतो. आलेलं तेल मगात मोजा आणि आकडा कार्डावर लिहा. माझ्याकडे पहिल्या वर्षी ९०० मिलिलिटर निघालं होतं. पाव लिटरच्या आत असेल तर मी काळजी करत नाही.

तेलाचा रंग आणि वास बघा. मधासारखं, वास नेहमीचा, तर ते तुम्हीच उभी करताना भरलेलं ताजं तेल आहे, जाळीतून गाळून परत टाकीत ओता. पेट्रोलचा वास आला, किंवा दुधी चहासारखा रंग दिसला, म्हणजे पाणी शिरलं, तर टाकीसकट सगळं तेल बदला. तेलात चुंबक फिरवा, त्याला लोखंडाचा बारीक कीस लागला तर सुरू करूच नका, मिस्त्रीला दाखवा.

बोल्ट नव्या वॉशरसह बसवला, तेल टाकीत गेलं, की आता काडी पुन्हा बघा. बहुतेक ती ऑक्टोबरच्या खुणेजवळ येते. फरक असेल तेवढंच वरून घाला.

फडक्याचे बोळे काढा. (मी एकदा विसरलो. गाडी सुरूच होईना, दोन प्लग बदलले.) प्लग काढून त्या भोकातून कुपीने दोन चमचे तेल सिलिंडरमध्ये सोडा, प्लग बाहेरच ठेवून, इग्निशन बंद ठेवून वीस-पंचवीस किका मारा. बोअरला तेल लागतं आणि पंपही फिरतो. फिल्टरच्या कप्प्यात तेल नसेल, म्हणजे फिल्टर बदलून गाडी सुरूच केली नव्हती, तर आधी तो कप्पा तेलाने भरा, नाहीतर पंप तो भरेपर्यंत बिग एंड उपाशी.

आता प्लग लावा, गाडी उघड्यावर आणा, सुरू करा. रेस करू नका. हेडकडे जाणाऱ्या तेलाच्या बारीक नळीचा जोड थोडा सैल करा. मिनिटाभरात तिथे तेल ओघळलं पाहिजे, पंप तेल पकडतोय याची ही सोपी खूण. ओघळलं की आवळा. नाही आलं तर लगेच बंद. सिलिंडरमध्ये सोडलेल्या तेलाचा थोडा धूर निघेल, तो जातो.

रस्त्यावर जायच्या आधी मागचं टायर आणि ब्रेक हाताने चाचपा. ब्रिदरने ओकलं असेल तर तेल तिथेच उडालेलं असतं. त्या टायरवर पहिल्याच वळणाला गाडी खाली जाते. साबणाच्या पाण्याने धुवा. दहा किलोमीटर फिरून आल्यावर काडी आणि प्रायमरीची पातळी दोन्ही बघा. प्रायमरी वाढलेली दिसली तर क्रँकचं सील तेल सोडतंय.

९. मुळावरचा इलाज : चकत्या बसवणं

दर मार्चला मगात अर्ध्या लिटरपेक्षा जास्त तेल येत असेल, किंवा दोन-तीन आठवड्यांतच काडी खाली जात असेल, तर पंपाचं काम करून घ्या. काम मोठं नाही, फक्त घाई न करणारा हात पाहिजे. टायमिंग कव्हर उतरवायचं, चकत्या बाहेर काढायच्या, आणि बारीक ग्राइंडिंग पेस्ट लावून प्रत्येक चकती तिच्याच बैठकीवर, गोल आणि उलटसुलट, हलक्या हाताने घासायची, जोवर पूर्ण चेहरा एकसारखा मळकट राखाडी दिसत नाही. मध्ये कुठे चमकदार ठिपका राहिला तर तिथे अजून टेकत नाही. दोन पंपांच्या चकत्यांची अदलाबदल करू नका.

खरी मेख धुण्यात आहे. पेस्टचा एक कण तेलाच्या वाटेत राहिला तर तो बिग एंडमध्ये जाऊन घासत बसणार. चाचा कव्हर रॉकेलने तीनदा धुतात, प्रत्येक भोकातून हवा मारतात, मग पांढऱ्या फडक्याने पुसून फडकं मला दाखवतात. फडकं काळं दिसलं की पुन्हा धुतात. स्प्रिंग नवी घातली, पण ताणून लांब केलेली जुनी स्प्रिंग त्यांनी घालू दिली नाही. जास्त दाबाने चकती लवकर झिजते, म्हणाले.

हे काम केल्यावर पुढच्या मार्चला माझ्या मगात १७० मिलिलिटर आलं. शून्य होत नाही, कोणाचंच होत नाही. पण त्या रंगपंचमीला गाडी चौथ्या किकला सुरू झाली, आणि शेजारचा माणूस या वेळी बादली न घेता आला.

काढलेलं काळं तेल नासर्डी नदीत किंवा विहिरीकडेच्या चारीत ओतू नका. डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या, त्यांच्याकडे जुन्या तेलाचं पिंप असतं आणि ते नेणारेही ठरलेले असतात.